न हुंगलेले गुलाब

मंडईच्या मागच्या बोळात नसीम चादरवाली कुठे बसते असं विचारलं, तर शेंबडं पोरही बोट करून दाखवेल. चादर म्हणजे फुलांची. दर्ग्यावर चढवतात ती, कबरीवर घालतात ती. लग्नसराईत नवरदेवांचे सेहरेही तिच्याचकडे. "घोड्यावर बसणाऱ्यालाही मीच सजवते आणि खांद्यावर जाणाऱ्यालाही. दुसरा तक्रार करत नाही, एवढाच फरक," असं ती सेहऱ्याची घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकाला तोंडावर सुनावते. गिऱ्हाईक चरफडतं, पण पुढच्या लग्नाला पुन्हा तिच्याकडेच येतं, कारण नसीमच्या हातची चादर घडी घालून उलगडली तरी एक पाकळी सरकत नाही.

तिच्या शेजारी गजरेवाली वेणूबाई बसते. एकीचा मोगरा, एकीचा गुलाब. पाण्याच्या बादलीवरून दोघींची रोज जुंपते. मात्र एका बाबतीत दोघींचं आजन्म एकमत आहे: वाहायचं फूल हुंगायचं नाही. हुंगलेलं फूल उष्टं. नसीम लग्न होऊन या घरात आली, त्या आठवड्यात तिने टोपलीतला एक गुलाब सहज उचलून नाकाशी नेला होता. सासूने असा फटका मारला, की फूल एकीकडे आणि बांगडीचा तुकडा दुसरीकडे. "पीराच्या आधी तू वास घेणार?" सासू म्हणाली. तेव्हापासून नसीमच्या हाताखालून किती गुलाब गेले ते अल्लालाच ठाऊक; नाकाखालून एकही गेला नाही. तिच्या बोटांना काटे माहीत, देठ माहीत, पाकळी शिळी झाली की कशी लागते ते माहीत. वास तेवढा परक्याचा.

नसीम कामाला वाघ, पण जीभ म्हणजे कात्री. नाकावर माशी बसू द्यायची नाही. घरात त्यांची बोली अर्धी दखनी, अर्धी मराठी. पण टोमणा मारायची वेळ आली की नसीम शुद्ध मराठीवर येई. टोमणा मराठीत जसा बसतो तसा दुसऱ्या भाषेत बसत नाही, हे तिचं मत. पेठेत उभा जन्म काढल्यावर दुसरं काय होणार? तिचा नवरा चांदभाई हसून सोडून द्यायचा. मुलगा एजाज लहानपणापासून ऐकत आला होता. सून रुकसाना साताऱ्याकडची, जरा हळवी. पण तिच्याही हाताला चव होती आणि सुरुवातीला नसीमच ते चारचौघांत सांगायची. "पोरीला बाकी काही येत नाही, पण कालवण असं करते की ताट चाटावं." तिच्या तोंडून हे म्हणजे पदक मिळाल्यासारखंच.

मग ते साथीचं वर्ष आलं. शहर बंद, मंडई बंद, दर्गे बंद. नसीम आणि चांदभाई एकाच आठवड्यात तापाने पडले. नसीम उठली. चांदभाई इस्पितळातून परत आलाच नाही. जन्मभर ज्याने सगळ्या शहराच्या कबरींवर फुलं घातली, त्याच्यावर मूठभर पाकळ्याही पडल्या नाहीत. कुणाला जवळ जाऊ देत नव्हते आणि फुलं तरी कुठून आणणार? प्लास्टिकमध्ये गुंडाळून नेला, एवढंच एजाजने सांगितलं. नसीम त्याच्यावर काही बोलली नाही. त्या घरात ती काही बोलली नाही असं पहिल्यांदाच झालं.

बोलायला लागली ती जेवणावर. आधी म्हणाली, मसाल्यात दम नाही. मसालेवाला बदलला. मग म्हणाली, मटण शिळं आहे. खाटीक बदलला. मग तेल, मग तांदूळ, आणि शेवटी बदलायला कुणी उरलं नाही तेव्हा सुनेवर आली. "तिखट आहे, मीठ आहे, पण चव कुठे माहेरी ठेवून आलीस का?" रुकसाना आधी रडली, मग जास्त मसाला घालू लागली. एजाजला ठसका लागायचा आणि नसीम म्हणायची, आळणी. लोक म्हणाले, नवरा गेल्यापासून कडवट झाली बिचारी. रुकसानाच्या जागी स्वतः बसले असते तर "बिचारी" म्हणाले नसते.

शेवटचा घाव ईदच्या दिवशी बसला. पाहुणे बसले होते, रुकसानाने पहाटेपासून खपून शीरखुर्मा केला होता. नसीमने एक चमचा तोंडात घातला, वाटी खाली ठेवली आणि रुकसानाच्या आईकडे वळून म्हणाली, "तुमच्याकडे वेलदोडा नुसता दाखवून परत डब्यात ठेवतात का?" त्या महिन्यात एजाजने हडपसरला भाड्याने घर बघितलं. तिथल्या एका आयटी पार्कात तो सीसीटीव्हीचं काम बघत होता. जवळ पडतं, असं तो सगळ्यांना सांगायचा. पाच वर्षांची अरिबा आजीचा पदर धरून रडत गेली.

नसीम एकटी राहिली. दोन खोल्या, चांदभाईच्या अत्तराची एक अर्धी बाटली, आणि जीभ. ऐकायला मात्र वेणूबाईशिवाय कुणी नव्हतं. गेल्या पावसाळ्यात ती मोरीत घसरली आणि शेजारणीने दार ढकललं म्हणून वाचली. तेव्हा एजाज धावत आला आणि म्हणाला, आता एकटीने राहायचं नाही. नव्या घरात एक छोटी खोली रिकामी आहे. पण रुकसानाची एक अट होती. आधी एकदा भेटायचं, ना त्यांच्या घरी ना हिच्या. मोकळ्या जागी बसायचं, बोलायचं, आणि मग ठरवायचं. जागा अरिबाने निवडली. तिची शाळेची सहल नुकतीच गावातल्या गुलाबाच्या बागेत जाऊन आली होती आणि तिला ती बाग दादीला दाखवायची होती.

"गुलाब बघायला मला बागेत नेताय?" नसीम फोनवर म्हणाली. "मासळीवालीला मत्स्यालय दाखवा मग." लगेच तिने जीभ चावली आणि घाईघाईने म्हणाली, "येते. येते म्हटलं ना."

कारण तिला जायचं होतं. हे तिने वेणूबाईलासुद्धा सांगितलं नव्हतं, पण रात्री अंथरुणावर पडलं की हडपसरची ती न पाहिलेली खोली ती मनात लावून बघायची. खाट इकडे, पेटी तिकडे, आणि अरिबा मध्ये. सगळं त्या एका सकाळवर होतं.

जानेवारीतला रविवार होता. नसीम नवीन सलवार कमीज घालून, डोक्यावरून ओढणी घेऊन बागेच्या फाटकाशी उभी राहिली. निघताना तिने चांदभाईच्या बाटलीतलं अत्तर मनगटाला लावलं, मग गळ्याला लावलं, मग आणखी थोडं ओढणीला. बाटली जुनी, वास उडून गेलाय, असं तिला कधीपासून वाटत होतं. फाटकावरचा रखवालदार तिच्याकडे बघून शिंकला. पाटीवर लिहिलं होतं, "फुले पाहण्यासाठी आहेत. हातांना इतरत्र काम द्यावे." नसीमला ती पाटी मनापासून आवडली.

स्कूटरवरून तिघं उतरली. एजाजने जवळ येऊन मिठी मारली आणि जरा मागे झाला. "अम्मी, अब्बांचं अत्तर? किती लावलंस!"

"वास तरी राहिलाय का त्याला?" ती म्हणाली.

एजाजने रुकसानाकडे पाहिलं. रुकसानाने सलाम केला, खाली बघूनच. तिच्या हातात कापडी पिशवी होती आणि पिशवीत स्टीलचा डबा. चेहरा अंगावर पाणी पडणार हे माहीत असलेल्या माणसासारखा. अरिबा मात्र आठ वर्षांची घोडी झाली होती. तिने आजीचा हात ओढला आणि सरळ वाफ्यांकडे निघाली.

बाग छान होती. हे नसीमनेही कबूल केलं, मनातल्या मनात. तिने जन्मभर गुलाब पाहिला तो पोत्यात आणि टोपलीत, मान मोडलेला. झाडावर उभा असलेला गुलाब असा ताठ असतो हे तिला ठाऊक नव्हतं. पिवळे होते, केशरी होते, एक तर जांभळ्याकडे झुकणारा. पोरंपोरी फोन काढून फोटो घेत होती, एक जोडपं लग्नाआधीचं शूटिंग करत होतं आणि नवरी कुत्र्याच्या भीतीने सारखी उडी मारत होती.

"दादी, हा हुंग." अरिबाने एका मोठ्या लाल फुलाकडे बोट केलं.

"फूल हुंगायचं नसतं, बेटा."

"का?"

"वाहायचं असतं ते. उष्टं होतं."

अरिबाने विचार केला. "पण हे कुणाला वाहायचंच नाहीये. हे नुसतं आहे."

नसीमने इकडेतिकडे पाहिलं, जणू सासू कुठून तरी हात उगारेल. मग गुडघ्यावर हात टेकून वाकली आणि आयुष्यात पहिल्यांदा गुलाबाला नाक लावलं. छातीत धडधडत होतं, आणि त्याची तिला लाजही वाटली.

काही नाही.

"आताच्या गुलाबांना रंगच तेवढा," ती उठत म्हणाली. "वास कुठला? सगळं हायब्रीड. बघायला मोठं, आत पोकळ."

"नाही गं दादी! याला सगळ्यात जास्त आहे." अरिबाने नाक खुपसून डोळे मिटले. "आणि त्या पिवळ्याला लिंबासारखा येतो."

नसीम पिवळ्याकडे गेली. मग गुलाबीकडे. पलीकडे एक म्हातारे गृहस्थ काठी टेकून उभे होते, तेही वाकले आणि बायकोला म्हणाले, "अहाहा." नसीमने त्यांच्या मागून तेच फूल हुंगलं. फुलाच्या जागी कागद असता तरी इतकंच कळलं असतं. तिने ओढणीचा शेव नाकाशी धरला, मनगट धरलं. ज्या अत्तराने रखवालदार शिंकला, एजाज मागे सरला, त्या अत्तराचा मागमूस तिच्यापर्यंत पोचत नव्हता.

ती तिथेच वाफ्याच्या कठड्यावर बसली. अरिबा फुलपाखरामागे पळाली. आणि मग एकेक आठवायला लागलं, कुणी दार उघडून आत यावं तसं. दूध करपून काळं झालं तेव्हा शेजारीण दार ठोठावत आली होती, आणि आपण तिला म्हणालो होतो, तुझं नाक फार लांब. मसालेवाला. खाटीक. तापातून उठल्यावर पहिल्याच दिवशी रुकसानाने केलेला रस्सा, जो गरम पाण्यासारखा लागला होता. तेव्हापासून सगळंच. मसाल्यात दम होता. पोरीच्या हातात चव होती. वेलदोडाही होता. तापाने नवऱ्याबरोबर तिचं नाकही नेलं होतं, आणि नवऱ्याच्या दुःखात दुसरी चोरी लक्षातच आली नव्हती. आणि ज्या नाकाने ती इतकी वर्षं कांदे सोलत बसली होती, ते नाक जागेवरच नव्हतं.

नसीमला घाम फुटला. स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून डोळे पुसणारी रुकसाना तिला दिसली, आणि ईदच्या दिवशी तिच्या आईचा पडलेला चेहरा.

सांगून टाकावं. उठावं आणि सांगावं. पण चूक झाली असं सरळ म्हणायची सवय त्या जिभेला नव्हती. ते वाक्य तिच्या तोंडात कधी वळलंच नव्हतं. तिने मनाशी तोड काढली. आज नुसतं गोड बोलायचं. पोरीचं कौतुक करायचं, जसं आधी करायचो तसं. एकदा हडपसरला गेलो, एका ताटात जेवायला लागलो, की सांगू सावकाश. कबुली देणं जड होतं आणि कौतुक स्वस्त. तिने स्वस्त माल उचलला. आयुष्यात कधी वाईट फूल घेतलं नाही त्या बाईने.

एजाजने मागच्या बाजूला एक बाक धरला होता. अरिबा लांब कारंज्यापाशी होती. नसीम येऊन बसली तेव्हा तो आणि रुकसाना हळू आवाजात काहीतरी बोलत होते आणि तिला बघून थांबले. रुकसानाने डबा मांडीवर घेतला होता, पण झाकणावर हात तसाच.

"काय आणलंस, बेटा?" नसीमने विचारलं. बेटा म्हणालेलं ऐकून रुकसानाने वर पाहिलं.

"शीरखुर्मा," ती म्हणाली. "पण अम्मी, सकाळी घाई झाली, अरिबाची वेणी घालत होते आणि..."

"उघड ना," नसीम म्हणाली.

रुकसानाने एजाजकडे पाहिलं. एजाजने खांदे उडवले. झाकण निघालं. दोघांचे चेहरे एकदम कसनुसे झाले, पण नसीमचं लक्ष चेहऱ्यांकडे नव्हतं. ती आपलं वाक्य जुळवत होती. तिने डब्यावर वाकून डोळे मिटले, दीर्घ श्वास घेतला, आणि त्या म्हाताऱ्या गृहस्थांसारखी म्हणाली, "अहाहा! काय सुंदर वास सुटलाय! वासानेच पोट भरलं बघ. शीरखुर्मा असावा तर असा."

नसीमने डोळे उघडले. रुकसानाचा चेहरा लाल झाला होता, आणि तो आनंदाने झाला नव्हता हे तिला कळलं. तिला वाटलं, कमी पडलं. तिने चमचा भरून तोंडात घातला. गोड होतं, तेवढंच कळलं. "आणि चव! तुझ्या आईला सांग, नसीमने वाटी चाटून पुसून खाल्ली म्हणून."

तेवढ्यात अरिबा धावत आली आणि बाकाशी येताच तिने नाक मुरडलं. "ईऽ! मम्मी, हा जळका वास कसला?"

नसीमचा चमचा हातातच राहिला. दूध खाली लागलं होतं. नुसतं लागलं नव्हतं, करपलं होतं. डब्यातून धूर निघावा तसा वास येत असणार, आणि ती त्यावर वाकून अहाहा म्हणाली होती.

रुकसानाने झाकण लावलं. आवाज शांत होता, आणि तोच जास्त लागला. "दूध लागलं, अम्मी. तेच सांगत होते. दुसरं दूध आणायला वेळ नव्हता, आणि रिकाम्या हाताने कसं यायचं म्हणून आणलं. वाईट आहे म्हणाला असतात तर मी ऐकून घेतलं असतं. सवय आहे. पण माझ्या आईला कशाला मध्ये आणलंत?"

"अगं, मी टोमणा नाही मारला!" नसीम म्हणाली. "खरंच म्हणाले मी!"

"करपलेल्या दुधाला सुंदर वास?"

"मला वास येतच नाही!" शेवटी ते बाहेर पडलं, हवं तसं नाही, ओरडल्यासारखं. "नाक गेलंय माझं, त्या तापापासून. आत्ता कळलं मला, इथे, त्या फुलांपाशी. तुझं काही चुकत नव्हतं, रुकसाना. माझंच नाक..."

रुकसाना तिच्याकडे बघत राहिली. क्षणभर तिचे डोळे मऊ झाले असं नसीमला वाटलं. मग ती म्हणाली, "वास येत नाही, तर आत्ता कशाचं कौतुक करत होतात?"

नसीमने हातातला चमचा ओढणीला पुसला, मग पुन्हा पुसला.

"दोन्ही खरं नसतं, अम्मी," रुकसाना म्हणाली. "एक काहीतरी ठरवा."

"मी तुला बरं वाटावं म्हणून..."

"मला बरं वाटावं म्हणून?" रुकसाना हसली. त्या हसण्यात काही नव्हतं. "चल अरिबा."

एजाज उठला. तो चिडला नव्हता, थकला होता. "अम्मी, एक दिवस. एक दिवस सरळ बोलली असतीस." आईसाठी त्याने फाटकाबाहेर रिक्षा थांबवली, भाडं आधीच देऊन टाकलं, आणि तिच्या डोक्यावरची ओढणी नीट केली. अरिबाने स्कूटरवरून मागे वळून हात हलवला. खाली पडलेल्या काही पाकळ्या तिने गोळा केल्या होत्या. त्या तिने जाताना दादीच्या ओंजळीत टाकल्या होत्या. रिक्षात नसीम त्या पुन्हापुन्हा नाकाशी धरत होती. रिक्षावाला आरशातून बघत होता.

पुढच्या आठवड्यात तिने फोन करून पुन्हा सगळं सांगितलं, या वेळी शांतपणे, पहिल्यापासून. एजाजने ऐकून घेतलं. "डॉक्टरला दाखव, अम्मी," तो म्हणाला. "मी पैसे पाठवतो." खोलीचं तिने विचारलं नाही. त्यानेच सांगितलं, की तिथे अरिबाचं अभ्यासाचं टेबल लावलंय, परीक्षा होईपर्यंत तरी. कुठल्या इयत्तेची परीक्षा, ते तो बोलला नाही. नसीमनेही विचारलं नाही.

गुरुवारी बोळात गर्दी होती. दर्ग्याचा दिवस. नसीमने गुडघ्यावर ओली चादर पसरली होती आणि बोटं आपोआप चालली होती. एक मध्यमवयीन गृहस्थ, इस्त्रीचा शर्ट, हातात गाडीची किल्ली, टोपलीतला एक गुलाब उचलून नाकाशी नेत म्हणाले, "याला वासच नाही हो. ताजी आहेत ना?"

एरवी अशा माणसाची खैर नव्हती. वेणूबाई हातातला गजरा ठेवून मजा बघायला सरसावली. पण नसीमने फूल त्यांच्या हातातून घेतलं, पाकळी चिमटीत धरून पाहिली. पहाटेच आलेला माल होता. तिने वर पाहिलं. त्या माणसाच्या चेहऱ्यावर तिला काहीतरी ओळखीचं दिसलं, आणि तिचा जीव खरोखर कळवळला.

"फूल ताजं आहे, साहेब," ती हळू म्हणाली. "दोष फुलाचा नसेल. एकदा नाक दाखवून घ्या. घरात जेवणावरून कुणाला बोलत असाल, तर आधी नाक दाखवून घ्या."

गृहस्थ लालबुंद झाले. "बोलायची काही पद्धत आहे की नाही? धंदा करायला बसलात की अपमान करायला?" म्हणत त्यांनी किल्ली खिशात कोंबली आणि समोरच्या दुकानाकडे तरातरा निघून गेले.

"अहो, साहेब, खरंच सांगतेय!" नसीमने मागून हाक मारली.

वेणूबाई पोट धरून हसत होती. "काय हाणलंस गं, नसीम! गेलं होतं कुठे एवढे दिवस तुझं तोंड?" मग बोळात जो येईल त्याला तिने दिवसभर तो किस्सा ऐकवला, साहेबाचा आवाज काढून. लोक हसत होते. नसीम खाली मान घालून चादर ओवत राहिली.